इंग्लंडला निघालात? आधी साखरेचं ऐका

महिनाभर पंचवटीत माहेरी आले आहे. सप्टेंबरात इंग्लंडला जाणारी चार-पाच मुलं आमच्या गल्लीतच निघाली. कुणी शिकायला, तर एक जोडपं नोकरीला. संध्याकाळी कुणी ना कुणी येऊन बसतं. कोट इथून घेऊ का, कुकर न्यायचा का, खोली कशी शोधायची, असं विचारतं. माहीत असेल ते सांगतेच. पण लेस्टरमध्ये बावीस वर्षं काढल्यावर मला वाटतं, मी गेले तेव्हा एक गोष्ट कुणीतरी सांगायला हवी होती. तिथं आपल्या लोकांना मधुमेह फार होतो. गोऱ्यांच्या दुप्पट ते चौपट, आणि तोही त्यांच्याहून लहान वयात. तो बर्गरमधून येतो असं समजू नका. आमच्या घरी तो आमच्याच ताटातून आला.

आमच्या ह्यांना अडतिसाव्या वर्षी निघाला. शिडशिडीत माणूस, पोट तेवढं किंचित पुढे. रात्री तीन-तीनदा उठायचे, तांब्याभर पाणी प्यायचे. हीटरनं घसा कोरडा पडतो, असं आम्ही सगळा हिवाळा म्हणत राहिलो.

बारीक माणसाला कसा होतो, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी फार सोपं करून दाखवलं आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! म्हणून तिथले डॉक्टर गोऱ्यांना २५ च्या पुढे सावध करतात, तर आपल्याला २३ पासूनच. काट्यापेक्षा टेपवर भरवसा ठेवा. कंबर पुरुषांची ९० सेंटीमीटरच्या आत आणि बायकांची ८० च्या आत हवी.

आता ताटाबद्दल. दवाखान्यातून आहाराचा कागद मिळाला, त्यात पास्ता, ब्रेड, बटाटा होता, वरण-भात कुठंच नव्हता. ह्यांनी तो फ्रिजवर चिकटवला आणि आम्ही रोजच्यासारखंच जेवत राहिलो. पुढच्या वेळी मी घरातली स्टीलची वाटी पर्समध्ये टाकून नेली आणि नर्सपुढे ठेवली. ती म्हणाली, आज घरी जाऊन भात या वाटीनं मोजा. मोजला. एका जेवणात चार वाट्या भात आणि वर दोन पोळ्या! आईकडे बाजरीची भाकरी, मेथी, मटकीची उसळ असायची आणि भात शेवटी ताकाबरोबर थोडा. तिकडे दमून घरी आल्यावर भाकऱ्या कोण थापणार? कुकर लावला की झालं. अशी भाकरी सुटते आणि भात वाढतो. डिसेंबरात चारच्या आत अंधार पडतो, मग कृषीनगरच्या ट्रॅकवर मारायचो तशा फेऱ्याही होत नाहीत. बाजरी-ज्वारीचं पीठ लेस्टरमध्ये बेलग्रेव्ह रोडवर सहज मिळतं, बॅगेत भरू नका. पण आठवड्यातून निदान तीनदा भाकरी टाका.

सणांचंही तसंच होतं. इथं दिवाळी चार दिवसांची. तिकडे प्रत्येक घर आणि मंडळ आपापला शनिवार-रविवार धरतं, त्यामुळे फराळ दीड महिना चालतो. मागोमाग हळदीकुंकू, डोहाळजेवण, कुणाचे आईवडील आले म्हणून जेवण. आणि आग्रह! 'माझ्या हातचा एक लाडू नाही घेणार?' एवढ्या लांब माणसांना धरून ठेवणारं तेच असतं, म्हणून नाही म्हणवत नाही. मी आता यजमानीणबाईंना आधीच फोन करून सांगते, ह्यांना आग्रह करू नका. कुणीही राग धरलेला नाही. उपासाचीही काळजी घ्या. एकादशी, दुप्पट खाशी असं आपणच म्हणतो, आणि साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उपासाआधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय राहू नका.

लपवाछपवीचं मला सगळ्यात वाईट वाटतं. आमच्या ओळखीत एक बाई मोहरीच्या डब्यात गोळ्या ठेवायच्या, मुलीचं लग्न ठरेपर्यंत कुणाला कळू नये म्हणून. पाहुणे आले की गोळी चुकायची. दुसऱ्या एकांनी गोळ्या सोडून नुसत्या कारल्याच्या रसावर वर्ष काढलं आणि डोळ्यांवर आल्यावर दवाखाना गाठला. कारलं खा, मेथी खा, पण गोळी सोडू नका.

पोचल्या आठवड्यातच जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा. पैसे पडत नाहीत. इंग्लंडमध्ये तपासणीचं बोलावणं चाळिशीनंतर येतं, पण आपल्या लोकांना पंचविशीपासूनच धोका धरतात, म्हणून स्वतः मागून घ्या. आकडे बघून गोंधळू नका. एचबीएवनसी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी. आपल्याकडचा ६.५ टक्के म्हणजे तिथला ४८, तिथून पुढे मधुमेह. ४२ ते ४७ म्हणजे उंबरठा. रक्तातली साखर आपल्या पद्धतीची असेल तर १८ नं भागा, उपाशीपोटी १२६ म्हणजे तिथले ७. मधुमेहाच्या गोळ्या सुरू झाल्या तर सवलतीचा दाखला मागा, मग औषधांच्या चिठ्ठीचे पैसे लागत नाहीत. दिवस राहिले तर २४ ते २८ आठवड्यांत साखरेची तपासणी होते, ती टाळू नका.

आणि निघण्याआधी दोन कामं इथंच उरका. कुठल्याही लॅबमध्ये एचबीएवनसी करून कागद पासपोर्टच्या फायलीत ठेवा. आणि आज रात्री जेवताना आईला विचारा, घरात कुणाकुणाला साखर आहे, आणि तिच्या बाळंतपणाच्या वेळी तिला होती का. पहिल्यांदा ती 'काही नाही रे' म्हणेल. पुन्हा विचारा.