सेटसॉकऑप्टने शून्य दिलं, पुढे काय?

सॉकेट, बाइंड, लिसन, ॲक्सेप्ट एवढं येतं असं धरून चालू. डॅकच्या (सी-डॅकच्या कोर्सच्या) लॅबमध्ये नाहीतर कॉलेजात इको सर्व्हर सगळ्यांनीच लिहिलेला असतो. मग हिंजवडीत किंवा खराडीत पहिला प्रोजेक्ट मिळतो आणि तिथल्या कोडमध्ये सॉकेट उघडल्या उघडल्या सेटसॉकऑप्टच्या (सॉकेटची सेटिंग, म्हणजे ऑप्शन, बदलणाऱ्या फंक्शनच्या) पाच-सात ओळी रांगेने उभ्या दिसतात. का आहेत म्हणून विचारलं की उत्तर येतं, "पहिल्यापासून आहेत, हात लावू नकोस." त्यातल्या एक-दोन बऱ्याचदा काहीच करत नसतात आणि एखादी चक्क नुकसान करत असते.

म्हणून पहिल्या दिवसापासून एक सवय लावा: सेटसॉकऑप्ट केलं की लगेच गेटसॉकऑप्टने तोच ऑप्शन परत वाचायचा आणि आकडा लॉगमध्ये छापायचा. सी मध्ये शून्य परत आलं, पायथॉनमध्ये एक्सेप्शन आलं नाही, याचा अर्थ कर्नलने मागणी ऐकून घेतली एवढाच. मान्य किती केली ते वेगळं विचारावं लागतं.

लेव्हलची चूक आधी उरकून टाकू. लेव्हल म्हणजे ऑप्शन कोणत्या थराचा ते. टीसीपी_नोडिले, म्हणजे छोटा डेटा साठवून एकत्र पाठवणारा नेगल अल्गोरिदम बंद करणारा ऑप्शन, त्याची लेव्हल आयपीप्रोटो_टीसीपी. घाईत तिथे एसओएल_सॉकेट लिहिलं जातं, कारण वरच्या ओळीवरून कॉपी केलेलं असतं. कर्नलपर्यंत नावं पोचत नाहीत, फक्त आकडे पोचतात. लिनक्सवर टीसीपी_नोडिले म्हणजे १, आणि एसओएल_सॉकेट लेव्हलवर १ म्हणजे एसओ_डीबग. म्हणजे तुम्ही नकळत डीबग चालू करायला सांगितलंत. त्याला खास अधिकार लागतो, म्हणून 'परमिशन डिनाइड' येतं. आता नवा माणूस काय करतो? सुडो लावतो. एरर जाते, सगळे खूश. नेगल अल्गोरिदम मात्र जसाच्या तसा चालू. नोडिले लावताना परवानगीची एरर आली तर परवानगी शोधू नका, लेव्हल बघा.

एसओ_रियूजॲडर, म्हणजे नुकताच सुटलेला पोर्ट लगेच परत घेऊ देणारा ऑप्शन, बाइंडच्या आधी लावायचा. नंतर लावलात तर एरर येत नाही, फायदाही होत नाही. जी बाजू आधी क्लोज करते तिच्याकडे बंद झालेलं कनेक्शन काही वेळ टाइम-वेट या अवस्थेत राहतं, लिनक्सवर ६० सेकंद. क्लायंट जोडलेले असताना सर्व्हर कंट्रोल-सीने मारला की ती बाजू तुमची. लगेच परत चालवला की एरर ९८, 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज'. पायथॉनमध्ये सॉकेटसर्व्हरच्या टीसीपीसर्व्हर क्लासमध्ये हा ऑप्शन मुळात बंद असतो, एचटीटीपीसर्व्हरमध्ये चालू असतो, त्यामुळे एक चालतो आणि दुसरा अडतो. शिवाय टीसीपीसर्व्हर कन्स्ट्रक्टरमध्येच बाइंड करतो, तेव्हा ॲलाउ_रियूज_ॲड्रेस क्लासवरच ट्रू करा, ऑब्जेक्ट बनल्यावर करून उपयोग नाही. जावातही पोर्ट देऊन सर्व्हरसॉकेट बनवला की बाइंड झालेलं असतं. रिकाम्या कन्स्ट्रक्टरने बनवा, ऑप्शन लावा, मग बाइंड करा.

ऑप्शन लावूनही ९८ येत असेल तर घाबरू नका, जुनी प्रोसेस जिवंत आहे. 'एसएस -एलटीएनपी' चालवा, पीआयडी समोर दिसेल. नव्वद टक्के वेळा, असं म्हणायचा मोह होतो पण मोजलेलं नाही, कुणीतरी कंट्रोल-सीऐवजी कंट्रोल-झेड दाबलेलं असतं. प्रोसेस झोपलेली, पोर्ट तिच्या उशाखाली. विंडोजवर मात्र हाच ऑप्शन कॉपी करू नका. तिथे त्याचा अर्थ दुसऱ्या प्रोसेसलाही तोच चालू पोर्ट घेऊ देणं असा होतो. तिथे एसओ_एक्सक्लुझिव्हॲडरयूज वापरतात.

आता मुख्य खड्डा. एसओ_आरसीव्हीबफ, म्हणजे येणारा डेटा साठवायच्या बफरचा आकार.

ओळ अशी असते: एस.सेटसॉकऑप्ट(एसओएल_सॉकेट, एसओ_आरसीव्हीबफ, १०४८५७६). हेतू चांगला आहे, मोठी फाइल येणार म्हणून बफर एक एमबी. चालवा आणि परत वाचा. बऱ्याच उबंटूंवर उत्तर येतं ४२५९८४ (अगदी नव्या कर्नलवर मर्यादा वेगळ्या असू शकतात). एक एमबी नाही, त्याच्या आसपासही नाही. हा आकडा दोन पायऱ्यांत बनतो. नेट.कोअर.आरमेम_मॅक्स ही वरची मर्यादा सहसा २१२९९२ असते. तुमची मागणी गुपचूप तिथे कापली जाते. मग कर्नल स्वतःच्या हिशेबवहीसाठी ती दुप्पट करतो आणि वाचताना दुप्पट केलेला आकडाच दाखवतो. २१२९९२ गुणिले २ बरोबर ४२५९८४. म्हणून '४ लाख तरी मिळाले की' या समाधानात राहू नका, विंडोच्या (पोच न येता एका वेळी वाटेत असू शकणाऱ्या डेटाच्या) कामाचा भाग साधारण निम्माच.

इथवर नुसता अपेक्षाभंग आहे. नुकसान पुढे आहे. हा ऑप्शन हाताने लावला की त्या सॉकेटपुरतं कर्नलचं ऑटो-ट्यूनिंग बंद होतं. ओळ लिहिली नसती तर अशा कर्नलवर बफर सहसा १३१०७२ पासून सुरू होऊन गरजेप्रमाणे ६२९१४५६ पर्यंत, म्हणजे ६ एमबीपर्यंत वाढला असता. नेट.आयपीव्ही४.टीसीपी_आरमेम वाचलंत की तिसरा आकडा हाच दिसेल. बफर वाढवायला गेलात आणि ६ एमबीची वाट बंद करून ४१६ केबीवर खिळा ठोकून आलात.

हे पुण्यात बसून दिसत का नाही, ते हिशेब मांडल्याशिवाय पटत नाही, म्हणून मांडतो. एका फेरीत एका विंडोएवढाच डेटा जातो. विंडो २१२९९२ बाइट धरा. ऑफिसच्या लॅनवर जाऊन-येऊन १ मिलिसेकंद धरला तर वेग सेकंदाला सुमारे १.७ गिगाबिट, म्हणजे एक गिगाबिटची केबलच आधी भरेल. सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये असेल आणि ५ मिलिसेकंद लागत असतील तर ३४० मेगाबिट. तरीही कुणाची तक्रार नाही, डेमो झकास. आता क्लायंट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आहे आणि फेरीला २०० मिलिसेकंद लागतात असं धरा. २१२९९२ गुणिले ८ भागिले ०.२, उत्तर ८.५ मेगाबिट. लाइन १०० मेगाबिटची, आणि ती भरायला एका वेळी अडीच एमबी डेटा वाटेत असावा लागतो. तुमच्याकडे जागा त्याच्या बाराव्या हिश्श्याएवढी. मग 'क्लायंटचं नेटवर्कच स्लो आहे' अशी मेल जाते, आणि तिकडून नेटवर्कवाले आलेख पाठवतात की लाइन रिकामी पडली आहे. दोघंही खरं बोलत असतात, म्हणूनच हा बग आठवडेच्या आठवडे खातो.

पारखायला अमेरिका लागत नाही. 'सुडो टीसी क्यूडिस्क ॲड डेव्ह एलओ रूट नेटएम डिले १००एमएस' चालवा. लूपबॅकवर जाताना १०० आणि येताना १००, पिंग २०० दाखवेल. एकदा ओळ ठेवून आणि एकदा काढून फाइल पाठवा, आणि दुसऱ्या खिडकीत 'एसएस -टीएमआय' बघत राहा. एसकेमेमच्या कंसात आरबीच्या पुढचा आकडा बघायचा. ओळ असताना तो ४२५९८४ वर दगडासारखा बसतो. ओळ काढली की डोळ्यांसमोर चढत जातो. हे एकदा पाहिलं की परत कुणी समजावायला लागत नाही.

उपाय? टीसीपी असेल तर ती ओळ पुसून टाका. मोठा बफर हवाच असेल तर आधी आरमेम_मॅक्स वाढवा (कंटेनर असेल तर होस्टवर), मग ऑप्शन कनेक्टच्या आधी लावा, सर्व्हर असेल तर लिसनच्या आधी लिसनिंग सॉकेटवरच. विंडो किती मोठी होऊ शकते ते सांगणारा विंडो स्केल कनेक्शनच्या पहिल्या, सिन पॅकेटमध्येच ठरतो, पुढे बदलत नाही. ॲक्सेप्टमधून आलेला सॉकेट बफर त्या लिसनिंग सॉकेटकडूनच घेतो. यूडीपीला यातलं ऑटो-ट्यूनिंग नाहीच, तिथे बफर हातानेच वाढवावा लागतो. 'नेटस्टॅट -एसयू'मध्ये रिसीव्ह बफर एरर्स वाढत असतील तर तीच खूण.

यातलं बरंचसं 'मॅन ७ सॉकेट' आणि 'मॅन ७ टीसीपी'मध्ये लिहिलेलं आहे. मॅन पेज पुणेरी पाटीसारखं असतं, एकदाच सांगतं, कमी शब्दांत, आणि तुम्हाला कळलं का याची फिकीर करत नाही. तरी तेच वाचा. तयार सिस-सीटीएल (कर्नलच्या सेटिंगच्या) याद्या मात्र लांब ठेवा. टीसीपी_टीडब्ल्यू_रीसायकल असलेली यादी दिसली की ती कुणी न वाचता पुढे ढकलली आहे हे ओळखा. त्या सेटिंगमुळे एकाच नॅटमागच्या (एकच पब्लिक आयपी वाटून घेणाऱ्या) क्लायंटची कनेक्शनं पडायची, आणि २०१७ मध्ये लिनक्स ४.१२ मधून ते काढूनच टाकलं. सीनियरकडून शिकूच नये असं नाही. पण 'हा आकडा कुठून आला' या प्रश्नावर ज्याला राग येतो, त्याच्याकडून ऑप्शन उसने घेऊ नका.

बाकीचं सोपं आहे, खरंच. एसओ_कीपअलाइव्ह, म्हणजे शांत कनेक्शन जिवंत आहे का ते तपासणारा ऑप्शन, नुसता चालू केला तर पहिला प्रोब (तपासणीचं पॅकेट) ७२०० सेकंदांनी, मग ७५ सेकंदांच्या अंतराने ९. मेलेलं कनेक्शन कळायला दोन तास अकरा मिनिटं. ॲमेझॉनचा नेटवर्क लोड बॅलन्सर मुळात ३५० सेकंदांच्या शांततेनंतर कनेक्शन विसरतो, म्हणून टीसीपी_कीपआयडल त्याच्या बऱ्याच आत ठेवा, १२० चालतं. कीपइंटव्हल ३० आणि कीपसीएनटी ३ दिलं की साडेतीन मिनिटांत निकाल. आणि पाठवलेल्या डेटाची पोच आली नसेल तर कीपअलाइव्ह मदतीला येत नाही, तिथे टीसीपी_यूजर_टाइमआउट लागतो. तो मिलिसेकंदांत असतो, बाकीचे सेकंदांत. ३० लिहून कनेक्शन पटापट तुटताना पाहायचं नसेल तर ३०००० लिहा.

नोडिलेबद्दल एवढंच: हेडर एका सेंडने, बॉडी दुसऱ्या सेंडने आणि मग उत्तराची वाट, असं लिहिलं की नेगल आणि समोरचा उशिरा येणारा ॲक (पोच) एकमेकांची वाट बघतात आणि लिनक्सवर ४० मिलिसेकंद जातात. दोन्ही जोडून एकाच सेंडऑलने पाठवा. गो आणि पायथॉनचं असिंकआयओ नोडिले स्वतःच लावतात.

शेवटी एसओ_लिंगर, म्हणजे क्लोज करताना उरलेल्या डेटासाठी किती थांबायचं ते ठरवणारा ऑप्शन. टाइम-वेट घालवायचा झटपट इलाज म्हणून लिंगर चालू आणि वेळ शून्य असं सुचवणारे भेटतील. टाइम-वेट जातो हे खरं. पण क्लोज केल्यावर नेहमीच्या फिनऐवजी (नीट निरोपाऐवजी) आरएसटी, म्हणजे रीसेट, जातो, आणि सेंड बफरमध्ये उरलेला डेटा फेकला जातो. समोरच्याला 'कनेक्शन रीसेट बाय पीअर' दिसतं, आणि तुमच्या लॉगमध्ये सेंड यशस्वी.

आणि हो, तपासणी झाली की 'सुडो टीसी क्यूडिस्क डेल डेव्ह एलओ रूट' चालवायला विसरू नका, नाहीतर दुपारी लोकल पोस्टग्रेसची प्रत्येक क्वेरी २०० मिलिसेकंद घेईल आणि तुम्ही इंडेक्स तपासत बसाल.