भर पावसात मुलींचा बास्केटबॉल संघ बांधायचा तर

कोल्हापुरात कॉलेज उघडतं आणि पाऊस लागतो, दोन्ही एकाच सुमारास. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा पाऊस ओसरता ओसरता येऊन ठेपतात, म्हणजे संघाची सगळी बांधणी भर पावसातच करावी लागते. कोर्ट वाळायची वाट बघत बसलात तर हंगाम गेलाच. कुस्ती आणि फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या या गावात मी सिमेंटच्या उघड्या कोर्टवर मुलींचा संघ तयार करते. ज्यांच्याकडे इनडोअर हॉल नाही, त्या प्रशिक्षकांसाठी हे लिहितेय.

निवड चाचणीच्या आधी प्रत्येकीचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. आकडा १२ च्या खाली असेल तर तो अॅनिमिया. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना तो आढळला. मग दुसऱ्याच क्वार्टरमध्ये धापा टाकणाऱ्या पोरीला आळशी म्हणायचा आपल्याला काय हक्क? गोळ्या डॉक्टर देतील, जेवणाचं आपण बघायचं. मोडाच्या मटकीवर लिंबू पिळायला सांगा, घरात चालत असेल तर कलेजी, आणि जेवणाला लागून चहा बंद. चहामुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. स्पोर्ट्स ब्रा आणि नीट मापाचे बूट यांबद्दलही पहिल्याच आठवड्यात मोकळेपणाने बोला. मुली आपणहून विचारत नाहीत, आणि त्यावाचून त्यांचं धावणं आखडतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं: उडी मारून खाली कसं यायचं. पावसाचे पहिले आठवडे मी यालाच देते. ले-अप (पळत येऊन रिंगजवळून टाकलेला चेंडू) असो, रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू उडी मारून पकडणं) असो, की पळता पळता केलेला जंप स्टॉप (उडी घेऊन दोन्ही पायांवर थांबणं), दर वेळी अंगाचा भार गुडघ्यावर येतो. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध मुलांपेक्षा मुलींचा जास्त वेळा तुटतो, आणि बऱ्याचदा कुणाचा धक्का न लागता, नुसतं उतरताना किंवा वळताना. ऑपरेशन झालं की निदान नऊ महिने खेळ बंद. तीन वर्षांच्या पदवीत एक हंगाम म्हणजे किती मोठा तुकडा, ते तिच्या जागी उभं राहून बघा.

यासाठी कोर्ट लागत नाही, कोरडा पोर्च पुरतो. एका पायरीवरून दोन्ही पायांवर उतरायला लावा. गुडघे आत वळता कामा नयेत, ते पायाच्या बोटांच्या रेषेतच हवेत. कंबर मागे, छाती वर. आणि कान देऊन आवाज ऐका: धप्प झालं तर ती ताठ गुडघ्यांवर उतरली. समोरून मोबाइलवर शूटिंग करून तिचं तिला दाखवा, दहा वेळा बोलण्यापेक्षा ते लवकर कळतं. हे जमलं की उतरून लगेच वळणं, मग एका पायावर उतरणं, मग हवेत असताना मैत्रिणीने खांद्याला हलकासा धक्का देणं. चेंडू सगळ्यात शेवटी हातात द्या. घाई करणाऱ्या मुली कुरकुरतील, करू द्या.

पावसाने उघडीप दिली की कोर्ट. शेवाळावर ब्लीचिंग पावडर टाकून थोडा वेळ थांबा, खराट्याने घासा, भरपूर पाण्याने धुऊन काढा आणि वायपर मारा. मग स्वतः बूट घालून त्यावर गिरकी घेऊन बघा. पाय सरकला तर त्या दिवशी पळायचं नाही. उभ्याने पासिंग, मॅन-टू-मॅनमधल्या (जिने-तिने आपापली प्रतिस्पर्धी अडवायच्या बचावातल्या) जागा समजावणं, एवढंच. पावसाळ्यात रबरी चेंडू वापरा, चामड्याचा भिजून जड होतो. मुलींचा चेंडू सहा नंबरचा. मुलांच्या संघाचा सात नंबरचा वापरून भागवू नका, शूटिंगचा हात बिघडतो.

शॉट क्लॉक (शॉटसाठी उरलेले सेकंद दाखवणारं घड्याळ) नसेल तर सेकंद मोठ्याने मोजा. आठ सेकंदांत मध्यरेषा पार, २४ सेकंदांत शॉट. चेंडू रिंगला लागून परत आपल्याच हातात आला तर पुढे फक्त १४ सेकंद. हा १४ चा हिशेब कानात बसलेला नसला की मुली रिबाउंड घेऊनही गोंधळतात.

फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे, कुणी न अडवता मारायचे शॉट) ताज्या दमाने मारून घेऊ नका. दोन पूर्ण कोर्ट धावायचं आणि श्वास फुललेला असतानाच दोन मारायचे. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की पाचव्यापासून समोरच्यांना दोन फ्री थ्रो मिळतात, म्हणजे ही वेळ दमल्यावरच येते. जुलै २०१७ मध्ये बंगळुरूला महिला आशिया चषकाच्या डिव्हिजन बीची (दुसऱ्या श्रेणीची) अंतिम लढत भारताने कझाकस्तानवर ७५-७३ अशी जिंकली. पुण्याची शिरीन लिमये त्या संघात होती. दोनच गुणांचा फरक होता! माझ्या मुलींना मी हा स्कोअर पाठ करायला लावते.

एलिजिबिलिटीचे (स्पर्धेत खेळायच्या पात्रतेचे) फॉर्म पहिल्या वर्षाचे प्रवेश होताच गोळा करा, गुणपत्रिकेची प्रत आणि फोटोसह. शेवटच्या पंधरवड्यात शेजारच्या कॉलेजशी दोन-तीन सराव सामने ठेवा, शिट्टी बाहेरच्या पंचाकडे द्या, आणि बाकावरच्या मुलींना स्कोअरशीट भरायला बसवा. कुणाचे किती फाउल झाले हे तुमच्याआधी त्यांना कळलं पाहिजे.