न्यूमोनियाचं बाळ वॉर्डात असताना श्वास कसे मोजायचे

मुलांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून मला बावीस वर्षं झाली. न्यूमोनियाचं पोर दाखल झालं की पहिल्या तासातच आईबापांची नजर मॉनिटरवर खिळते. ऑक्सिजनचा आकडा ९६ चा ९४ झाला की धावत येतात. जरूर या. पण बरेचदा बाळाने पाय झाडलेला असतो किंवा बोटं गार पडलेली असतात, एवढंच. खरी बातमी छातीवर दिसते, आणि ती वाचायला तुम्हीही शिकू शकता.

बाळ शांत असताना मोजायचं, झोपलेलं असेल तर उत्तमच. रडताना किंवा दूध पिताना आलेला आकडा धरू नका. तापातही श्वास वाढतात, म्हणून ताप उतरला की पुन्हा मोजा. झबलं वर सारा, छाती-पोट उघडं दिसलं पाहिजे. एकदा वर येऊन खाली गेलं की एक. घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचा शहाणपणा नको. तान्ही मुलं मध्येच क्षणभर थांबतात आणि मग भराभर श्वास घेतात, त्यामुळे हिशेब चुकतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिन्यांपासून वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त भरले, तर श्वास जलद आहे. वेळ घालून वहीत लिहा. राउंडला डॉक्टरांना ‘जरा बरं वाटतंय’ सांगण्यापेक्षा ‘रात्री ६२ होते, सकाळी ४८’ सांगितलेलं किती उपयोगी पडतं!

मोजून झालं की लगेच झबलं खाली ओढू नका. श्वास आत घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातोय का? नाकपुड्या फुलतात का? प्रत्येक श्वासाला बाळ कण्हतंय का? कण्हणं म्हणजे हट्ट नव्हे. फुप्फुसातली हवा टिकवून धरायची ती त्याची धडपड असते.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी माझं इथेच चुकलं. रात्रपाळी होती. एका दहा महिन्यांच्या बाळाची आई म्हणाली, "सिस्टर, हा आता कमी श्वास घेतोय, पण माझ्याकडे बघतच नाही." मी स्क्रीन पाहिली, ऑक्सिजनवर ९७. श्वास मोजले, ६८ वरून ४४ वर आले होते. मी म्हटलं, "सुधारतोय, झोपू दे." तो सुधारत नव्हता, थकला होता. थोड्या वेळाने डॉक्टर राउंडला आले म्हणून निभावलं, त्याला अतिदक्षता विभागात हलवलं. तेव्हापासून एक गोष्ट मी प्रत्येक आईला सांगते: श्वास कमी झाले आणि पोर तरतरीत झालं, खेळण्याकडे हात टाकू लागलं, तर छान. श्वास कमी झाले आणि पोर मलूल पडलं, तर त्याच क्षणी हाक मारा. बाळ पिईनासं झालं, ओठ निळसर दिसले, झटका आला, तरीही थांबू नका.

नाकातली ऑक्सिजनची नळी शेंबडाने बुजते, तीवर लक्ष ठेवा. दूध थोडं थोडं, पण वारंवार द्या. धाप लागलेली असताना जबरदस्तीने पाजू नका, ठसका लागून दूध फुप्फुसात जाऊ शकतं. सलाईन हळू चाललंय म्हणून चाक स्वतः फिरवू नका, जास्त पाणी या मुलांना त्रासाचंच. आणि पाठ थोपटून कफ सुटतो म्हणून आग्रह धरू नका. साध्या न्यूमोनियात त्याचा फायदा दिसलेला नाही, उलट दमलेलं पोर आणखी दमतं.

अँटिबायोटिक सुरू झाल्यावर साधारण ४८ ते ७२ तासांत फरक दिसायला हवा. श्वास आणि ताप दोन्ही उतरायला लागतात. तिसरा दिवस संपला तरी ताप तसाच असेल तर ‘औषध बदलायचं का?’ एवढंच विचारू नका, ‘छातीत पाणी किंवा पू झालाय का?’ हेही विचारा. न्यूमोकोकस किंवा स्टॅफिलोकोकस असे जंतू असले की फुप्फुसाभोवती पू साचू शकतो. तो सोनोग्राफीत दिसतो, आणि कधी नळी घालून काढावा लागतो. नळीचं नाव काढताच घरचे हादरतात, पण साचलेला पू बाहेर पडला की पोर कसं हलकं होतं ते मी कितीदा पाहिलंय.

घरी सोडताना औषधाचे उरलेले डोस कधी संपणार ते लिहून घ्या आणि बरं वाटलं तरी पुरे करा. खोकला काही आठवडे रेंगाळेल. तो रेंगाळतोय म्हणून घाबरून खोकला दाबणारं औषध आणू नका; त्याऐवजी झोपेत श्वास मोजा.