घरचं पुनर्वसन: फिजिओ येऊन गेल्यानंतरचे २३ तास

हॉस्पिटलमधून घरी आलेल्या पेशंटकडे फिजिओथेरपिस्ट रोज आला, तरी थांबतो जेमतेम तासभर. बाकीचे २३ तास पेशंट घरच्यांच्या नाहीतर केअरटेकरच्या हाती. बिघडतं ते बहुतेक वेळा याच तासांत. उठवताना खांदा ओढला जातो, गुडघ्याखाली मऊ उशी जाते, मायेपोटी पाण्याचा ग्लासही कुणीतरी तोंडाला लावतं. सेवा चांगली चालली आहे का, हे या तासांवरून ठरवा.

सुटी घेताना

ऑपरेशन झालेल्या पायावर भार किती द्यायचा ते डॉक्टरांकडून लिहून घ्या: पूर्ण, अर्धवट, फक्त बोटं टेकवून की अजिबात नाही. ‘हळूहळू चालवा’ हे उत्तर मान्य करू नका. त्यातून घरातला प्रत्येक जण वेगळा अर्थ काढतो. कोणती हालचाल किती आठवडे बंद, तेही विचारा. पूर्वीच्या गोळ्या सोबत नेऊन कोणत्या थांबवायच्या त्यावर खूण करून घ्या. जुन्या डब्यातली आणि नव्या चिठ्ठीतली गोळी वेगवेगळ्या नावाची, पण औषध एकच, असं पुष्कळदा असतं आणि डोस दुप्पट होतो.

पहिली भेट

चांगला फिजिओ पहिल्या दिवशी व्यायाम कमी आणि तपासणी जास्त करतो. सांधा किती वाकतो, तोल कसा आहे, संडासापर्यंत जाताना कुठे अडतं, हे तो घरात फिरून पाहतो. मग ध्येय ठरतं, आणि ते मोजता आलं पाहिजे. ‘चालणं सुधारणं’ हे ध्येय नव्हे. ‘२ आठवड्यांत वॉकर घेऊन, कुणी न धरता, पलंगापासून बाथरूमपर्यंत’ हे ध्येय. रोज नुसतं मशीन लावून आणि हातपाय हलवून तो निघून जात असेल, पेशंटला स्वतः काही करायला लावत नसेल, तर स्पष्ट विचारा. स्नायू काम केल्याने परत येतो.

पेशंट कुणी न धरता चालू लागला की आठवड्यातून एकदा ही चाचणी घ्या. हातांची खुर्ची ठेवा, समोर ३ मीटरवर जमिनीवर पट्टी चिकटवा. ‘चला’ म्हटल्यावर पेशंटने उठायचं, नेहमीच्या चालीने पट्टीपर्यंत जायचं, वळून परत यायचं आणि बसायचं. एकाने घड्याळ पाहायचं, दुसऱ्याने हाताच्या अंतरावर सोबत चालायचं. वयस्कर माणसाला १२ सेकंद किंवा जास्त लागत असतील तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. आजारातून उठलेल्याला सुरुवातीला याहून बराच वेळ लागेल. पाहायचं ते आकडा दर आठवड्याला खाली येतो का. ३ आठवडे तो हलला नाही, तर व्यायाम बदलायला सांगा.

पलंगावरून खुर्चीत

अर्धांगवायूच्या पेशंटला इथे सहज इजा होते. व्हीलचेअर चांगल्या बाजूला, पलंगाशी ३० ते ४५ अंशांत ठेवा. ब्रेक लावा, पाय ठेवायच्या पट्ट्या वर करा. पेशंटला आधी पलंगाच्या कडेला १–२ मिनिटं बसवा. एकदम उभं केल्यावर रक्तदाब उतरून चक्कर येते. नंतर त्याला कडेकडे सरकवा आणि पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्या. तुम्ही समोर, किंचित लुळ्या बाजूला उभं राहून त्याच्या लुळ्या गुडघ्याला आपल्या गुडघ्याचा अटकाव द्या. त्याच्या कमरेला बांधलेल्या रुंद पट्ट्याला धरा. नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईल इतकं त्याला वाकू द्या, मग तीन म्हणताच उभं करा. पुढे वाकणं राहिलं की शरीर मागे पडतं आणि सगळं वजन तुमच्या कमरेवर येतं. उभं राहिल्यावर क्षणभर थांबा, छोटी पावलं टाकत वळवा, पोटऱ्या खुर्चीला लागल्या की सावकाश बसवा.

काखेत हात घालून किंवा लुळा हात धरून कधीही ओढू नका. खांद्याचा गोळा जागेवर धरणारे स्नायू सैल पडलेले असतात. अशा ओढण्याने तो खाली सरकतो आणि पुढे महिनोन्‌महिने दुखतो. पेशंटला तुमच्या गळ्यात हात टाकू देऊ नका.

काठी, वॉकर, अंथरूण

उभं राहून हात सैल सोडले की काठीची किंवा वॉकरची मूठ मनगटाच्या रेषेशी यावी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर गुडघ्याखाली उशी बरी वाटते, पण तासन्‌तास तशीच राहिली की गुडघा सरळ होईनासा होतो. स्वतः हलता न येणाऱ्याची कूस साधारण दर २ तासांनी बदला. पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवा. टाच आणि माकडहाड रोज उजेडात पाहा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर पांढरा पडला नाही, तर जखमेची सुरुवात झाली आहे: त्या जागेवरचा दाब पूर्ण काढा, तिथे चोळू नका आणि नर्सला दाखवा. सावळ्या त्वचेवर लाली लपते, म्हणून तिथे गरमपणा आणि कडकपणा तपासा.

व्यायाम किती

वेदनाशामक गोळी चालू असेल तर व्यायामाच्या साधारण अर्धा-पाऊण तास आधी येईल अशी वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा. दुखेल म्हणून अंग चोरणारा पेशंट निम्माच व्यायाम करतो. थोडं दुखणं चालेल. पण दुखणं २ तासांनंतरही वाढलेलंच असेल किंवा दुसऱ्या दिवशी सूज जास्त दिसली, तर आदल्या दिवशी जास्त झालं. व्यायाम बंद करू नका, संख्या कमी करा.

केअरटेकरला ‘समजलं ना?’ विचारून उपयोग नाही, होकारच येतो. फिजिओसमोर त्याला करून दाखवायला लावा, आणि माणूस बदलला की हे पुन्हा करा.

लगेच हॉस्पिटल

एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक धाप किंवा छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, हातापायातली नवी अशक्तता, जखमेतून पू किंवा ताप, जेवताना वारंवार ठसका आणि त्यानंतर घोगरा, ओलसर आवाज. यातलं काहीही दिसलं तर व्यायाम किंवा घास तिथेच थांबवा, फिजिओच्या उद्याच्या भेटीची वाट पाहू नका.