‘येण्यासाठी धन्यवाद’ लिहिताय? क्रियापदाचं नाम करताना होणाऱ्या या चुका टाळा

इंदूरच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर मुंज असो, हळदीकुंकू असो, कार्यक्रम आटोपला की दुसऱ्या दिवशी मेसेज ठरलेला, "सर्वांना येण्यासाठी खूप खूप धन्यवाद". आपल्याकडे कुणाला काही खटकत नाही, कारण मनात ‘आने के लिए धन्यवाद’ चालू असतं. पुण्याचा पाहुणा मात्र दोनदा वाचतो, की कार्यक्रम झाला ना, का अजून यायचंय? लोक येऊन गेलेत, मग "आल्याबद्दल धन्यवाद".

हे एकदा नीट कळलं तर बाकीच्या निम्म्या चुका आपोआप जातात, म्हणून जरा सविस्तर सांगते. अख्ख्या क्रियेचं नाम करून तिला नंतर, मुळे, बद्दल, ची वगैरे जोडायचं असेल तर हिंदीचं काम बहुतेक ठिकाणी एकाच रूपावर भागतं, आने, करने, होने. मराठीत दोन रूपं आहेत, येण्या आणि आल्या, करण्या आणि केल्या, आणि ती आपल्या मर्जीनं अदलाबदल करायची नसतात. कसोटी साधी आहे, पुढची गोष्ट घडते तोवर ही क्रिया होऊन गेलेली असते का? असेल तर ‘ल्या’, नसेल तर ‘ण्या’. म्हणून "तो येण्याआधी" पण "तो आल्यानंतर". हिंदीत चोरी ‘होने की आशंका’ आणि चोरी ‘होने की शिकायत’, दोन्हीकडे होने, पण मराठीत चोरी होण्याची भीती असते आणि चोरी झाल्याची तक्रार असते. "चोरी होण्याची तक्रार" लिहिलंत तर चोर अजून यायचाय आणि तुम्ही आधीच ठाण्यात जाऊन बसलात असा अर्थ निघतो!

‘मुळे’ आणि ‘नं’ लावताना सगळ्यात जास्त गडबड होते. "पाऊस होण्यामुळे मॅच थांबली" नाही, "पाऊस पडल्यामुळे". आणि गोष्ट रोजची असली तरी ‘ल्या’च येतो बरं का, "रोज व्यायाम केल्यानं तब्येत राहते", कारण आधी व्यायाम होतो मग तब्येत. मग "खाण्यामुळे" कधीच म्हणायचं नाही का, तर तसंही नाही. "काल रात्री सराफ्यात गराडू खाल्ल्यामुळे पोट बिघडलं" इथे एक झालेली गोष्ट आहे, पण "त्याच्या वेळी-अवेळी खाण्यामुळे घरचे वैतागलेत" इथे खाणं ही त्याची सवय म्हणून समोर ठेवलीय, आणि पुढे ‘त्याच्या’ लागलंय ते बघा.

त्या ‘त्याच्या’वरनंच पुढची चूक. हिंदीत ‘उसके आने के बाद’, म्हणून आपण सर्रास "त्याच्या येण्याच्या नंतर" म्हणतो. साधं "तो आल्यावर" म्हणा की! कर्ता जसाच्या तसा ठेवायचा, आई आल्यावर, आईनं सांगितल्यावर, मी जाण्याआधी. तसंच ‘उसके आने तक’चं "त्याच्या येण्यापर्यंत" करू नका, तिथे मराठीत वेगळंच रूप लागतं, "तो येईपर्यंत". ‘शिवाय’ला मात्र वरची कसोटी लावू नका, "केल्याशिवाय" म्हणताना काम झालेलंच नसतं तरी ‘ल्या’ येतो. पण हिंदीतही ‘किए बिना’ असल्यामुळे तिथे आपलं कुणी चुकत नाही. गंमत म्हणजे गुजरातीत ‘आव्या पछी’ म्हणतात, म्हणजे झालेल्या क्रियेचंच रूप, त्यामुळे बडोद्याच्या मराठी माणसाला शेजारची भाषा इथे साथच देते, आपल्याला मात्र नडते.

आता वाक्याचं नाम. "मला माहीत होतं की तो येणार", ही चूक म्हणता येणार नाही, मराठीत ‘की’ आहेच. पण प्रत्येक वाक्यात की, की, की आलं की कान किटतात. मराठीची जुनी खोड आधी अख्खं वाक्य बोलून मग हे, असं, ते यातल्या एकानं त्याला बांधायची आहे. "तो येणार हे मला माहीत होतं." "तो येणार असं मला वाटलं." "तो कधी येणार ते विचार." यातही फरक आहे, "तो गेला हे कळलं" म्हणजे गेलाच, खात्री, आणि "तो गेला असं कळलं" म्हणजे कुणीतरी सांगितलं, खरं-खोटं माहीत नाही. ‘की’ वापरलात तर हा सगळा फरक धुऊन निघतो. माझ्या मते इंदुरी मराठीचं खरं नुकसान इथे होतंय, "धन्यवाद"वाली चूक परवडली.

नकाराचं थोडक्यात. ‘त्याचं नाही येणं’ नको, "त्याचं न येणं". झालेलं असेल तर "न आल्यामुळे".

सोसायटीच्या नोटिसा लिहिणाऱ्या काकांसाठी एक वेगळा परिच्छेद हवाच. "सभासदांनी वर्गणी वेळेवर भरणेची विनंती करणेत येते." ही चूक हिंदीची नाही, ही जुन्या कचेरीतल्या मराठीची आहे आणि महाराष्ट्रातही भरपूर चालते. शुद्धलेखनाचे जे नियम 1962 साली सरकारनं मान्य केले त्यात ‘करणे’चं ‘करण्यासाठी’ होतं आणि ‘फडके’चं ‘फडक्यांना’, असं सरळ दिलंय, म्हणजे भरण्याची, करण्यात. आडनावाच्या बाबतीत फडकेंना, गोखलेंना हे इतकं रुळलंय की त्यावर भांडण्यात मला रस नाही, पण "करणेत येते" सोडा बुवा.

विशेषणाचं नाम करताना कोटावर कोट चढवू नका. सुंदरचं सौंदर्य झालं की काम झालं, वर ‘ता’ लावून सौंदर्यता कशाला? औदार्यता, प्रावीण्यता, ऐक्यता तशाच. एक तर गांभीर्य म्हणा नाहीतर गंभीरता. आणि लिंग सांभाळा, ‘पण’ नपुंसक, ‘पणा’ पुल्लिंग, म्हणून माझं लहानपण पण त्याचा मोठेपणा. राजवाड्याजवळच्या दुकानात साडी हातात घेऊन "बनावट छान आहे हो" म्हणाल तर दुकानदार हिंदी समजून खूश होईल, सोबतची नागपूरची वहिनी मात्र पदर उलटा करून बघायला लागेल, कारण तिच्या मराठीत बनावट म्हणजे नकली. तिथे "वीण छान आहे" म्हणा.

शेवटचं टायपिंगचं. जेवण आणि जेवणं वेगळे. जेवण ताटात असतं, "उभ्यानं जेवणं मला जमत नाही" यात क्रिया आहे. दळण आणि दळणं तसंच. ‘भांडणं’ तर दोन्हीकडे चालतं, "त्यांची भांडणं" म्हणजे अनेकवचन आणि "तिच्याशी भांडणं सोपं नाही" म्हणजे क्रिया. गाणी, दुखणी, देणी, लग्नाची बोलणी अशी अनेकवचनं फक्त पक्की वस्तू झालेल्या नामांची होतात, पोहोचणं किंवा झोपणं यांची करून बघा, होत नाहीत. कीबोर्ड आधी बिनअनुस्वाराचा शब्द सुचवत असेल तर तो टिचकीसरशी घेऊ नका, वाक्य एकदा मोठ्यानं बोलून बघा, शेवटचा ‘णं’ कानाला लगेच कळतो.