मोठ्या एअरलाइनकडे उडी मारताना या चुका टाळा

सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, एटीआर नाहीतर एम्ब्राएर ही छोटी विमानं उडवणारी आपल्या भागातली पोरं आता बऱ्यापैकी दिसायला लागली आहेत. खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठनं कुठनं आलेली. उड्डाणाचे हजारभर तास झाले की सगळ्यांचा एकच प्रश्न, "दादा, मोठ्या कंपनीत कधी?" विचारण्यात गैर काही नाही. पण विचारेपर्यंत बहुतेकांनी घोळ घालून ठेवलेला असतो, आणि दरवेळी तोच.

सगळ्यात डोकं उठवणारा घोळ लॉगबुकाचा, म्हणजे प्रत्येक उड्डाणाची नोंद ठेवायच्या वहीचा. रोज भरायचा कंटाळा, म्हणून महिनाअखेरीला रोस्टर पुढ्यात घेऊन सलग लिहून काढायचं. अरे, रोस्टर हा कंपनीचा बेत. विमान प्रत्यक्षात कुठं गेलं ते त्यात नसतं. आपल्याकडचाच एक को-पायलट, हुशार, हात चांगला, तो इथंच अडकला. जुलैतली बंगळूर-बेळगाव फेरी. सांबऱ्यावर ढग इतके खाली की धावपट्टी दिसेना. कॅप्टननं विमान हुबळीला नेलं आणि पाऊस ओसरल्यावर बेळगावला आणलं. म्हणजे उड्डाणं दोन, लँडिंग दोन. याच्या लॉगबुकात एकच, रोस्टरबरहुकूम, अगदी वेळेवर उतरलेलं! मोठ्या कंपनीच्या मुलाखतीत समोरच्या कॅप्टननं तासांचा दाखला आणि लॉगबुक शेजारी शेजारी ठेवलं.

"या दिवशी कुठं उतरलात?"

"बेळगाव, सर."

"आणि त्याआधी?"

याला आठवेचना. गंमत बघा, त्यानं तास कमीच लिहिले होते, चोरी केलीच नव्हती. पण एक नोंद खोटी निघाल्यावर बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवणार? जुनी कागदपत्रं हुडकून सगळं जुळवेपर्यंत ती भरती संपून गेली.

माझी सवय सांगतो. विमान थांबलं, चेकलिस्ट संपली की चोक्स-ऑफ आणि चोक्स-ऑनची, म्हणजे विमान जागेवरून हललं आणि परत जागेवर थांबलं त्याची, वेळ लगेच खिशातल्या डायरीत, आणि झोपायच्या आधी लॉगबुकात. वेळ युटीसीतच, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागं असलेल्या जागतिक वेळेत. पहाटे साडेपाचच्या आत निघालेलं विमान युटीसीप्रमाणे आदल्या तारखेला जातं, हे विसरून तारखांचा चुथडा करणारे महाभाग आहेत. "ॲप आपोआप भरतंय की" म्हणणाऱ्यांना माझं एकच उत्तर: भरू दे, पण खाली सही तुझी आहे. आणि जाणूनबुजून तास फुगवणाऱ्यांसाठी मला वेळ नाही. २०११ साली गोव्यात एक विमान मागच्या चाकांऐवजी पुढच्या चाकावर उतरवलं गेलं, त्या चौकशीतून खोट्या गुणपत्रिकांवर एटीपीएल, म्हणजे कॅप्टनपदासाठी लागणारं लायसन्स, मिळवल्याचं प्रकरण बाहेर आलं आणि अटका झाल्या. आता तर पडताळणी आणखी कडक आहे.

दुसरी माझी 'आवडती' चूक: ऑफर लेटर आलं की गावभर दवंडी. डीजीसीएच्या, म्हणजे सरकारी विमान वाहतूक नियामकाच्या, २०१७ च्या नियमानं को-पायलटला सहा महिने आणि कॅप्टनला वर्षभराची नोटीस द्यावी लागते. आधी कंपनीशी केलेला बाँड वाचा, एनओसीचं (ना-हरकत दाखल्याचं) विचारा, जॉइनिंगची तारीख नोटीसशी जुळते का बघा. एकाच्या गल्लीतल्या मंडळानं चौकात 'निवडीबद्दल हार्दिक अभिनंदन'चा फ्लेक्स लावला. हेतू चांगलाच, पण पोराचा राजीनामा अजून खिशातच होता आणि फ्लेक्सचा फोटो व्हॉट्सॲपवरून ऑपरेशन्सच्या साहेबांकडं पोचलाही होता. पुढच्या नोटीसकाळात त्याला कसले रोस्टर मिळाले असतील ते सांगायला नको.

एटीआरला एसटी म्हणून नाक मुरडणारेही बरेच. एटीआर ७२ ला इंजिनाची पॉवर आपोआप सांभाळणारा ऑटोथ्रॉटल नसतो. पॉवर स्वतःच्या हातानं सांभाळायची, छोटे सेक्टर (टप्पे), दिवसात तीन-चार लँडिंग, वर आपल्याकडचा पावसाळा. असा सराव मोठ्या जेटवर सहज मिळत नाही. आणि हीच मंडळी रात्र रात्र एअरबसचे व्हिडिओ बघतात, मग सिम्युलेटरच्या चाचणीत ऑटोपायलट काढला की स्पीड धरता येत नाही. कंपनीचा एसओपी (ठरवून दिलेली कार्यपद्धती) आणि हवा परवानगी देईल तिथं हातानं उडवा. मी अजून तेच करतो.

कॅप्टनपदासाठी एटीपीएल लागतं आणि त्याला १५०० तास. तास पूर्ण झाल्यावर पुस्तकं उघडू नका, लेखी पेपर आधीच काढून टाका. आणि हो, कंपनी बदलली की ज्येष्ठता शून्यापासून. इथं कमांड, म्हणजे कॅप्टनपद, तोंडावर आली असताना तिकडं को-पायलट म्हणून रांगेच्या शेपटाला उभं राहायचं का, हे घरच्यांशी बसून ठरवा. मित्र गेला म्हणून जाऊ नका. मला विचाराल तर कमांड घेऊनच निघावं, पण घाई असणाऱ्यांना हे कधीच पटत नाही.

मुलाखतीत जुन्या कंपनीची उणीदुणी काढू नका.

मेडिकलची तारीख आठवणीत ठेवू नका, भिंतीवर लिहा.

'सीट कन्फर्म' म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा.

सर्दीला आईनं दिलेले होमिओपॅथीचे थेंब ड्यूटीआधी घेऊ नका. त्यात बरेचदा अल्कोहोल असतं. ब्रेथ ॲनालायझरमध्ये पहिल्यांदा सापडलात तरी लायसन्स तीन महिने निलंबित, आणि पुढच्या अर्जात ते लिहावं लागतं.