तालुक्याला धोका कशाचा, हे कसे शोधावे?

जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा जिल्ह्याच्या संकेतस्थळावर बहुधा सापडतो. तो जरूर वाचा, पण त्यावर विसंबू नका. आराखडा जिल्ह्याचा असतो आणि दरड कोसळते ती वाडीवर. म्हणून अभ्यासाला तालुकाच घ्यावा. उदाहरणाला महाड घेऊ.

आधी एका वहीत वर्ष, गाव आणि घटना लिहून काढा. जुलै 2005 : दासगाव, जुई, कोंडिविते, रोहन इथे दरडी. 3 जून 2020 : निसर्ग चक्रीवादळ. 22 जुलै 2021 : तळियेत दरड आणि त्याच दिवशी महाड शहरात पूर. एवढ्यावरूनही एक गोष्ट कळते : इथे दरड आणि पूर जोडीने येतात. म्हणजे वाडीला मदत हवी असते नेमकी तेव्हाच रस्ता पाण्याखाली असतो.

मग पुराचे बघा. जुन्या माणसांना नुसते ‘पाणी कुठवर आले होते?’ विचारून भागत नाही. भिंतीवरची खूण दाखवायला सांगा आणि जोत्यापासून टेपने मोजा. जलसंपदा विभागाच्या पूररेषांशी ते ताडून पाहा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची. यात लोक हमखास फसतात. एकदा पूर आला की पुढची 25 वर्षे निवांत, असा याचा अर्थ नाही. दरवर्षी 4 टक्के शक्यता असते. निळ्या रेषेवरच्या घरात 30 वर्षे राहिलात तर एकदा तरी पाणी शिरण्याची शक्यता 70 टक्क्यांच्या घरात जाते. महाडच्या सावित्री नदीला खाडीची भरतीही लागते, तेव्हा पावसाच्या आकड्याशेजारी भरतीची वेळ लिहा.

दरडीसाठी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे त्यांच्या ‘भूकोश’ या संकेतस्थळावर आहेत. पण 2023 मध्ये गाडली गेलेली खालापूरची इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. म्हणून पहिल्या पावसानंतर, उघडीप असताना, वाडीच्या वरच्या अंगाला स्वतः चढून जा. जमिनीला भेग, कललेले खांब, झऱ्याला अचानक आलेले गढूळ पाणी, घराचे दार एकाएकी घट्ट बसू लागणे, ही लक्षणे. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका, अंतर मोजून तारीख टाका. अंतर वाढले तर तहसीलदारांना लेखी कळवा. पण पाऊस धरून असेल तर कागदाची वाट न पाहता वाडी खाली करा.

आता माणसे मोजा, तीही रात्रीची. कोण अंथरुणाला खिळलेले आहे, कोण गरोदर, गणपतीला चाकरमानी आल्यावर घरात किती जण झोपतात? निवाऱ्याची शाळाच पूररेषेत नाही ना, हेही बघा.

शेवटी प्रत्येक धोक्याला ‘किती वेळा’ आणि ‘किती नुकसान’ यांसाठी 1 ते 5 गुण देऊन गुणाकार करा. या हिशेबात भूकंप तळाला जातो, तरी तो खोडू नका. 1993 पूर्वी किल्लारीचा भागही नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

वही मे महिन्यात ग्रामसभेपुढे ठेवा. मागच्या पानावर होडी कुणाकडे, जेसीबी कुणाकडे आणि शाळेची किल्ली कुणाकडे, हे फोन नंबरांसकट लिहा. किल्ली मात्र दोघांकडे हवी.